पोटाला हात लावायचा नाही

एरंडेलाचा वास आला आणि मी हातातली सुई थांबवली.

चुलीवर पितळी वाटी होती. आत्ती वाटीत करंगळी बुडवून तेल किती तापलंय ते बघत होती. आत्ती म्हणजे माझी सासू. सकाळचे आठ वाजले असतील. माझे यजमान दुधाची गाडी घेऊन गडहिंग्लजला गेले होते, ते साडेनऊशिवाय येत नसत. आत्तीनं वेळ बरोबर निवडली होती.

"शालन, चटई टाक," ती म्हणाली. "आणि साडी सैल कर."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? सातवा लागलाय न्हवं? पोट बघ जरा तुझं. सगळं उजव्या कुशीला गेलंय. त्येला मधी आणाय पायजे."

"मी न्हाई झोपायची," मी म्हणाले.

आत्तीनं मान वर केली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि या घरात 'न्हाई' हा शब्द माझ्या तोंडून तिनं पहिल्यांदाच ऐकला असावा. मलाही तो जरा नवाच वाटला, पण बरा वाटला.

आत्ती कोण होती ते सांगायला हवं. गिरजाआक्का म्हटलं की आसपासच्या पाच गावांत बायका हात जोडायच्या. तीनशेवर बाळंतपणं तिच्या हातची. ज्या पोरींनी गावात माझ्याकडून ब्लाऊज शिवून घेतले, त्यातल्या निम्म्या आत्तीनंच या जगात आणलेल्या. मूल आडवं असलं की ती तेल लावून, चोळून, हळूहळू सरळ करायची. "आक्काच्या हाताला डोळं हाईत," असं लोक म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. पण तिच्या स्वतःच्या घरात पाळणा हलत नव्हता. माझं पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं, दुसरं पाचव्यात. दुसरा मुलगा होता. तेही मला शेजारच्या पारूकाकीनं सांगितलं, आत्तीनं नाही. पाणवठ्यावर बायका कुजबुजायच्या, दिव्याखाली अंधार म्हणून. आत्ती तसल्या कुजबुजीपुढे मान खाली घालणारी बाई नव्हती. त्यामुळे तिसऱ्या वेळी तिला माझं पोट सुधारायचंच होतं.

मला मात्र काय सुधारायचं नाही ते कळलं होतं. चौथ्या महिन्यात यजमानांनी मला आत्तीच्या नकळत गडहिंग्लजला नेसरीकर डॉक्टरबाईंकडे नेलं होतं. त्यांनी सोनोग्राफी केली, बराच वेळ पडद्याकडे बघितलं आणि मग औषधाच्या चिठ्ठीच्या मागं पेनानं एक चित्र काढलं.

"ही साधी पिशवी. पेरूसारखी. आणि ही तुमची."

माझी पिशवी वरून मध्येच आत दबलेली होती. खाली एक, वर दोन फाटे. बदामाचा आकार म्हणा.

"म्हणजे अंग कमी आणि बाह्या जास्त," मी म्हणाले.

बाई हसल्या. "तुम्ही शिवणकाम करता का? मग तसंच समजा. बाळ उजव्या बाहीत बसलंय. डावी मोकळी आहे. जन्मापासून तुमची पिशवी अशीच आहे. तुम्ही काही खाल्लंत, काही उचललंत, कुणाची नजर लागली, यातलं काहीही नाही."

सहा वर्षांत मला कुणी असं सांगितलं नव्हतं. मी तिथं त्यांच्या टेबलावर डोकं टेकून रडले.

त्या पुढं म्हणाल्या, "जागा कमी आहे, म्हणून बाळ फिरणार नाही. डोकं वर आणि पाय खालीच राहतील कदाचित. लवकर होईल. आपण ऑपरेशन करून काढू. पण आहे तिथंच त्याला वाढू द्या. चोळायचं नाही, ढकलायचं नाही, सरळ करायचं नाही. आणि पायडल मारणं आजपासून बंद."

आणखी एक वाक्य त्या बोलल्या होत्या. ते मी पुढं सांगेन. तेव्हा मी ते कुणालाच सांगितलं नाही.

त्या दिवसापासून दर सोमवारी मी टेप घेऊन माझं पोट मोजायला लागले. बेंबीपासून डावीकडं किती, उजवीकडं किती. डावी बाजू सरकायला तयार नव्हती. उजवी मात्र आठवड्याला अर्धा इंच, कधी पाऊण इंच. पारूकाकीनं एकदा माझं पोट बघून आत्तीला म्हटलं होतं, "ह्यो गर्भ न्हवं आक्का, गाठ हाय. पोर असं कोपऱ्यात बसतंय व्हय?" मी टेप गुंडाळून ठेवली आणि म्हणाले, "गाठ सोमवारच्या सोमवारी लाथा मारत न्हाई, काकी."

तर त्या सकाळी आत्ती तेलाची वाटी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली, आणि दारातून पारूकाकी आत आली. तिला कशाला बोलावलंय ते मला ठाऊक होतं. मागच्या वेळी माझे पाय तिनंच धरले होते.

"झोप," आत्ती म्हणाली. "मी काय तुझी वैरी हाय?"

"न्हाई. पण डॉक्टरबाईंनी हात लावू नका म्हणून सांगितलंय."

"कोण डॉक्टर?"

मग चौथ्या महिन्यातली सगळी गोष्ट बाहेर आली. मी चिठ्ठीवरचं चित्र दाखवलं. आत्तीनं ते उलटंसुलटं करून बघितलं.

"हे पोटात शिरून बघून आली व्हय ती? आगं, माझ्या हाताखालनं तीनशे पोरं गेल्यात. दोन तोंडाची पिशवी म्हणं. गाईम्हशीची असती तसली."

"मग माझी तसली हाय."

"शिकलेल्या बाया काय बी चित्रं काढत्यात. पारू, धर गं हिला."

पारूकाकी पुढं आली. मी उठून उभी राहिले आणि पदर बाजूला केला.

आत काय होतं ते बघून दोघी जागच्या जागी थांबल्या. मी स्वतःसाठी मांजरपाटाची बंडी शिवली होती. गळ्यापासून ओटीपोटाच्या खालपर्यंत, जाड, दुहेरी. तिला हूक नव्हते, बटणं नव्हती, नाडी नव्हती. उजव्या शिवणीच्या आत चार बोटं जादा कापड दाबून ठेवलेलं, दर सोमवारी थोडं उसवून सैल करायला. त्यामुळं ती बंडी अगदी वेडीवाकडी दिसायची, एका कुशीला फुगलेली. आणि आदल्या संध्याकाळी आत्तीनं फडताळातून एरंडेलाची बाटली काढताना मी बघितली होती. म्हणून सकाळी अंघोळ झाल्यावर मी ती बंडी अंगावर घालून पुढून शिवून टाकली होती. दुहेरी दोऱ्यानं, बारीक बखिया टाक्यानं, वरपासून खालपर्यंत.

"ही काढायची तर कातर लागंल," मी म्हणाले. "आणि कातर माझ्याकडं हाय."

कातर खरंच माझ्या हातात होती. मी ती कुणावर उगारली नाही. पण खालीही ठेवली नाही.

"याड लागलंय हिला," पारूकाकी म्हणाली आणि दोन पावलं मागं सरकली.

आत्तीचा चेहरा लाल झाला. "माझ्या घरात मला दार लावतीस व्हय गं? तुला लेकरू पायजे का न्हाई?"

"पायजे. म्हणूनच."

"मग माझ्या हातावर इस्वास न्हाई?"

आणि मग मी ते बोलले. बोलायचं ठरवलं नव्हतं. "मागच्या टायमाला इस्वासच ठेवला हुता, आत्ती. तुम्ही चोळलासा, आणि तिसऱ्या दिवशी ते गेलं."

आत्तीच्या हातातली वाटी कलंडली आणि थोडं तेल तिच्या पायावर सांडलं. ते गरम होतं, पण तिनं पाय हलवला नाही.

"ती देवाची मर्जी हुती," ती म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला होता. मला वाटलं रागानं झालाय.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. यजमान त्या दिवशी लवकर आले, आणि एक पाय उंबऱ्यात, एक बाहेर, असे उभे राहिले. यशवंत नावाचा हा माणूस स्वभावानं गाईसारखा. मागच्या वेळीही याच उंबऱ्यात उभे होते, आणि मी ओरडत असताना आत आले नव्हते. त्याबद्दल मी त्यांना कधी बोलले नव्हते, पण विसरलेही नव्हते.

"सांग हिला," आत्ती म्हणाली.

"आई, डॉक्टर म्हणाल्यात की..."

"मला डॉक्टर सांगू नगंस! तू काय डॉक्टरच्या हातानं भाईर आलास?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला त्यांची कीवही आली आणि रागही आला. बोलायला लावलं असतं तर दिवसभर ते दोघींच्या मध्ये तसेच उभे राहिले असते.

"तुमी काय बी बोलू नका," मी म्हणाले. "माझं मशीन गाडीत चढवा."

"मशीन?"

"व्हय. मशीन आधी, मग मी. बाळ हुईपर्यंत गडहिंग्लजला ऱ्हायाचं."

पायडल मारायला मला बंदी होती. तरी मशीन न्यायचंच होतं. ते घरात राहिलं असतं तर लोक म्हणाले असते, रुसून गेलीय, येईल परत. मशीन गेलं म्हणजे बाई खरंच गेली. ते आत्तीलाही कळलं.

यजमानांनी चपला काढल्या, आत आले, आणि मशीनचं डोकं उचललं. आईच्या शेजारून जाताना त्यांनी मान खाली घातली, पण मशीन खाली ठेवलं नाही. माझ्या मनातला जुना हिशेब त्या दिवशी निम्मा तरी फिटला.

आत्ती दारात आली. गल्लीतल्या बायकाही जमल्या होत्या. "ह्या उंबऱ्याच्या भाईर गेलीस तर तुझं बाळंतपण मी करायची न्हाई. सांगून ठेवते."

"नकाच करू," मी म्हणाले.

दुधाच्या रिकाम्या कॅनांच्या मधल्या जागेत दोन वाकळा पसरून मी उजव्या कुशीवर टेकले. कॅन एकमेकांवर आपटून आवाज करू नयेत म्हणून यजमानांनी मध्ये पोती कोंबली होती. बारा किलोमीटरला सव्वा तास लावला त्यांनी. मागून येणारा प्रत्येक ट्रॅक्टर हॉर्न मारून पुढं जात होता. मी बंडीवर हात ठेवून पडले होते. आतून एक लाथ बसली, उजवीकडं, खाली. मी मोठ्यानं म्हणाले, "मार. कुणी न्हाई आता."

खोली दवाखान्याच्या मागच्या गल्लीत मिळाली. सात आठवडे मी हूक लावले, काजं केली, आणि सोमवारी टेप धरली. आठव्यातलं टिकत नाही म्हणतात. माझी मुलगी आठव्यातच आली. एक किलो आठशे ग्रॅम. डॉक्टरबाईंनी टाके घालताना सांगितलं, "पाय आधी आले बघा. दोन्ही पाय धरून काढली." दहा दिवस तिला काचेच्या पेटीत ठेवली. अकराव्या दिवशी माझ्या कुशीत दिली. नाव सारिका ठेवलं.

आत्ती तिसऱ्या दिवशी दवाखान्यात आली होती. काचेबाहेर उभी राहिली. "पायाळू?" एवढंच विचारलं. मी हो म्हटल्यावर तिनं आपले दोन्ही हात पदराखाली घेतले आणि पहिल्या एसटीनं परत गेली.

तीन महिन्यांनी मी मशीनसकट घरी आले. आत्तीनं भाकर ओवाळून टाकली, आम्हाला आत घेतलं, पण पोरीला मांडीवर घेतलं नाही. तिला तेल लावलं ते मी, न्हाऊ घातलं ते मी. आत्ती लांबून सांगायची, "मान धर, मान." आणि त्याच सुमाराला तिनं बाळंतपणं सोडली. कुणी बोलवायला आलं की म्हणायची, "डोळं गेलं माझं." गावाला वाटलं सुनेनं अपमान केला म्हणून आक्का रुसली. मलाही तसंच वाटलं. रुसू दे म्हटलं मी. माझी पोर जिवंत होती, मला कुणाची मनधरणी करायची नव्हती.

पायाळू माणसाची लाथ बसली की पाठीत भरलेली चमक निघते, असं आमच्याकडं मानतात. सारिका दीड वर्षाची झाली आणि दारात माणसं यायला लागली. सगळ्यात पहिली आली ती पारूकाकी. गाठ म्हणणारी. अंगणात पालथी झोपली आणि मी पोरीला धरून तिचा पाय काकीच्या कमरेवर टेकवला. काकी लगेच उठून चालायला लागली. शिवाय जाताना शंका काढून गेली, "पर पोट फाडून काढलेलं पायाळू म्हणायचं का गं आक्का?"

आत्ती ओसरीवर शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "पाय आधी आलं म्हंजे पायाळू. दार कुठलं का असंना."

माझ्या बाजूनं बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य. वीज कडाडली की पोरीला आत घ्या म्हणून तीच ओरडायची, कारण पायाळूवर वीज पडते म्हणतात. पण स्वतः उचलून आत आणायची नाही.

सारिका चार वर्षांची असताना आत्तीच्या पाठीत चमक भरली. पाण्याची घागर उचलताना कळ आली आणि ती तिथंच बसली. तीन दिवस घोंगडीवर पडून. कूस वळवता येईना. तंबाखूची पानं बांधून झाली, शेकून झालं. अख्खं गाव जिच्या पायासाठी येतं ती पोर दोन हातांवर खेळतेय, आणि ही बाई दात खाऊन पडलेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी म्हणाले, "आत्ती, सारिकाला बोलावते."

"नगं."

"अहो, सगळी येत्यात की."

"सगळ्यांचं निराळं. माझा हक्क न्हाई त्यो."

"तुमचा न्हाई तर कुणाचा?"

आत्तीचं तोंड भिंतीकडं होतं. बोलली तीही भिंतीशीच. "दुसऱ्या टायमाला... तुला चोळत हुते न्हवं मी. हाताखाली हललं ते. मग एकदम लई हललं. आणि मग थांबलं. मला तवाच कळलं, शालन. तुला तीन दिसांनी कळलं. मला तवाच."

ती तशीच भिंतीकडं बघत बोलत राहिली.

"देवाची मर्जी म्हणलं मी तुला. आणि सातव्यात परत तेल तापवलं. का म्हाईत हाय? ह्या टायमाला नीट झालं असतं तर मागचं माझ्यामुळं न्हाई असं झालं असतं. म्हणून."

तेव्हा मला तिचे पदराखाली घेतलेले हात कळले. बाळंतपणं का सोडली तेही कळलं. आणि मला दया यायला हवी होती, पण आधी आला तो राग. असा राग, की माझे कान गरम झाले. हिला माहीत होतं. मी तीन दिवस कळा सोसत होते, पोटाशी बोलत होते, आणि हिला माहीत होतं.

"सारिका!" मी हाक मारली. ती पळत आली. "आज्जीच्या पाठीवर लाथ मार."

"हळू मारू?" तिनं विचारलं. तिला सवय होती. लोक म्हणायचे, बाळा, हळू हं.

"न्हाई," मी म्हणाले. "जोरात."

मी आत्तीला पालथी केली. पोरीनं धावत येऊन मारली. आत्ती कळवळली.

"बास?" सारिकानं विचारलं.

"आणि एक," आत्ती घोंगडीत तोंड खुपसून म्हणाली.

तिनं आणखी एक मारली. मग आत्तीच म्हणाली, "आणि एक." तिसरी बसली तेव्हा ती रडत होती. सारिका घाबरून माझ्याकडं बघायला लागली. मी तिला जवळ ओढलं. माझा राग कुठं गेला कुणास ठाऊक.

आणि मग मी माझं वाक्य सांगितलं. चार वर्षं तोंडात धरून ठेवलेलं.

"डॉक्टरबाई म्हणाल्या हुत्या, असल्या पिशवीत कुणी हात न लावता बी मूल जातं. मागचं कशानं गेलं ते आता कुणालाच सांगता यायचं न्हाई. तुमच्या हातानं गेलं आसंल, न्हाई तर आपलं आपण."

आत्तीनं मान वळवली. तीन दिवसांत तिची मान पहिल्यांदाच वळली.

"आणि हे तू मला इतकी वर्सं सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही सांगितलंसा?"

आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. कुणीच मान खाली घातली नाही. शेवटी आत्तीनं हाताचा रेटा दिला, "आई गं" केलं, आणि उठून भिंतीला टेकून बसली. लाथेनं चमक गेली की तीन दिवसांच्या शेकानं, ते मी सांगू शकत नाही. पारूकाकीनं मात्र संध्याकाळपर्यंत गावभर सांगितलं.

मी उठले. फडताळातली एरंडेलाची बाटली काढली. त्या सकाळनंतर ती कुणी उघडली नव्हती, झाकण घट्ट बसलं होतं. चुलीवर पितळी वाटीत तेल कोमट केलं, करंगळी बुडवून बघितलं, आणि वाटी आत्तीच्या पुढ्यात ठेवली. मग सारिकाला उचलून तिच्या समोर बसवलं.

आत्तीनं हात पदराखाली घेतले.

"काढा भाईर," मी म्हणाले. "दमलेत हिचे पाय. चोळा."

तिनं हात बाहेर काढले. तळव्यांना तेल लावलं आणि पोरीची दोन्ही पावलं हातात घेतली. अंगठ्यापासून टाचेपर्यंत, टाचेपासून गुडघ्यापर्यंत, इतक्या सावकाश की सारिका हसायची थांबली आणि डोळे मिटायला लागली. तीनशे बाळंतपणं केलेले हात ते. खरंच डोळे होते त्यांना.

मी समोर मशीनवर बसले आणि पायडलवर पाय ठेवला.

"फक्त पाय, आत्ती," मी म्हणाले. "पोटाला हात लावायचा न्हाई."

"म्हाईत हाय गं," आत्ती म्हणाली.